माकडतापाचं कूळ

गेल्या वर्षी मार्च महिना निम्मा झाला असेल. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या आक्का दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या दारातच थांबल्या. "बाई, भावाला ताप यायलाय. काजूला गेलता तिकडं दोडामार्गाकडं. आंग सगळं मोडून आलंय, उठंना झालाय."

खानापूर तालुक्यातल्या त्यांच्या गावाकडून दर वर्षी बरीच माणसं काजूच्या मोसमात घाट उतरून जातात, हे आपल्याकडच्या वाचकांना मी सांगायला नको. बोंडू गोळा करायचे, बी वेगळी करायची, दोन-अडीच महिने तिथेच राहायचं. आक्कांचा भाऊही त्यातलाच.

अंगणात उभ्या उभ्याच रोगनिदान सुरू झालं. आमच्या ह्यांचं मत डेंगीचं. शेजारच्या वहिनी कंपाउंडवरून म्हणाल्या, "मंगन कायिले इरबेक्रि, माझ्या माहेरी शिमोग्याकडे असाच येतो." आक्कांच्या गावात कुणी तरी त्याला माकडताप म्हणालं होतं. म्हणजे वहिनींनी कन्नडमधून सांगितलं तेच, पण आक्कांना वाटलं हे दोन वेगळे रोग आहेत आणि भावाला दोन्ही झालेत. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण ताप ओळखणं हे माझं काम नव्हे. एवढंच सांगितलं की आजच्या आज डॉक्टरांकडे न्या आणि काजूच्या रानात होता हे न विचारता आधी सांगा. ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. का, ते सांगण्यासाठी आज लिहायला बसले आहे.

लग्न जुळवताना आपल्याकडे नाव विचारून कुणी थांबत नाही. मराठी घरात कूळ, देवक विचारतात, कन्नड घरात बेडगु विचारतात. नाव काय, कुणी काहीही ठेवतं. विषाणूंचंही तसंच आहे, आणि त्यांची नावं तर भलतीच फसवी असतात. २००६ साली कर्नाटकात चिकनगुनियाची मोठी साथ आली तेव्हा आमच्या गल्लीत लोकांनी कोंबडी खाणं बंद केलं होतं, आठवतं का? नावात 'चिकन' आहे ना! प्रत्यक्षात तो शब्द टांझानियातल्या माकोंडे भाषेतला. सांधेदुखीने माणूस वाकून जातो, त्यावरून पडलेला. कोंबडीचा त्यात काडीचाही संबंध नाही. माकडतापाचंही निम्मं तसंच. माकडाला तो होतो आणि माकड मरतं हे खरं. पण माणसाला तो माकडाकडून सरळ होत नाही. तो होतो गोचिडीमुळे. कन्नडमध्ये आपण जिला उणुगु म्हणतो तीच. बिचारं माकड आपल्यासारखंच रोगी, आणि नाव मात्र त्याचं बदनाम.

या रोगाची जन्मकथा आपल्याच राज्यातली आहे. १९५७ साली, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या जंगलात वानरं आणि माकडं मरून पडू लागली. वानर म्हणजे काळतोंडं, लांब शेपटीचं. माकड म्हणजे त्याहून लहान, तांबूस तोंडाचं. दोन्ही मरत होती. पाठोपाठ जंगलात सरपणाला, गुरांमागे जाणारी माणसं तापाने अंथरुणाला खिळली. पुण्यात त्या वेळी व्हायरस रिसर्च सेंटर नावाची संस्था होती. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून १९५२ साली ती काढली. आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था, एनआयव्ही, ती हीच. तिथले संचालक टेलफोर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी सोरबला पोचले.

त्यांच्या मनात पहिली धास्ती होती पिवळ्या तापाची. दक्षिण अमेरिकेत पिवळा ताप असाच येतो. आधी जंगलात माकडं मरतात, मग माणसं आजारी पडतात. भारतात तो कधीच नव्हता, पण तो पसरवणारा डास आपल्याकडे भरपूर. तो ताप इथे शिरला असता तर काय झालं असतं, याची कल्पनाही करवत नाही.

मग मेलेल्या माकडांचे आणि रोग्यांच्या रक्ताचे नमुने घेतले, उंदरांच्या पिल्लांत विषाणू वाढवला आणि त्याचं कूळ शोधायला सुरुवात झाली. तेव्हा जनुकं वाचायची सोय नव्हती. पद्धत अशी होती की ओळखीच्या विषाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्यं घ्यायची आणि ती या नव्या पाहुण्याला ओळखतात का, ते पाहायचं. ओळख दिली तर नातं आहे. न्यूयॉर्कला जोर्डी कॅसल्स नावाच्या शास्त्रज्ञाने याच रीतीने डास-गोचिडींतून पसरणाऱ्या विषाणूंचे 'अ' गट आणि 'ब' गट पाडले होते. क्यासनूरचा विषाणू निघाला 'ब' गटातला. पिवळा तापही त्याच गटातला, पण हा पिवळा ताप नव्हता. याचं सगळ्यांत जवळचं नातं निघालं रशियन स्प्रिंग-समर एन्सेफलायटिस या रोगाशी. म्हणजे सैबेरियाच्या थंड जंगलातल्या, गोचिडींतून पसरणाऱ्या, मेंदूला सूज आणणाऱ्या तापाशी. सोरब कुठे आणि सैबेरिया कुठे!

या एका नात्याच्या शोधावरून दोन मोठी कामं उभी राहिली, आणि दोन्हींत शिकण्यासारखं आहे.

पहिलं पक्ष्यांचं. रशियातला विषाणू मलनाडात आला कसा? हिवाळ्यात तिकडून येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींतून तर नव्हे? सलीम अलींच्या पुढाकाराने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचं मोठं काम हाती घेतलं, त्याला जागतिक आरोग्य संघटनेने मदत केली ती या शंकेपायी. पक्ष्यांच्या स्थलांतराबद्दल आपल्याला फार मोलाची माहिती मिळाली. रशियातून विषाणू आणणारा पक्षी मात्र सापडला नाही.

दुसरं लशीचं. जवळचा नातेवाईक आहे तर त्याची लस याला चालेल, असा हिशेब करून रशियन रोगावरची लस शिमोग्याच्या गावांतल्या लोकांना टोचली. त्याचे निष्कर्ष १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. लशीने म्हणावं असं संरक्षण मिळालं नव्हतं. कूळ एक, घराणं एक, पण चुलत भावाची किल्ली आपल्या घराच्या कुलपाला लागत नाही. पुढे याच विषाणूपासून आपली स्वतःची लस तयार झाली आणि कर्नाटकात बरीच वर्षं टोचली गेली. पण तिचाही गुण पुरेसा येत नाही असं दिसल्यावर अलीकडे तीही थांबवली. नव्या लशीचं काम चालू आहे.

आता कूळ म्हणजे नक्की काय बघतात, ते सांगते. आपल्या दुभाषी घरांना ही गोष्ट इतरांपेक्षा लवकर कळेल, अशी माझी खात्री आहे.

विषाणू म्हणजे एक बंद लिफाफा. माकडतापाचा लिफाफा एवढा लहान की वीस हजार शेजारी शेजारी ठेवले तर एक मिलिमीटर भरेल. आत एक चिठ्ठी असते. चिठ्ठीत लिहिलेलं असतं, 'माझ्यासारखे आणखी लिफाफे तयार करा.' आपल्या शरीरातली पेशी ही चिठ्ठी वाचते आणि मुकाट कामाला लागते. पण पेशीला वाचता येते ती एकच लिपी. तिला म्हणतात संदेशक आरएनए. प्रत्येक विषाणूला आपली चिठ्ठी शेवटी त्या लिपीत आणावी लागते. कसा आणतो, यावरून १९७१ साली डेव्हिड बाल्टिमोर या अमेरिकन शास्त्रज्ञाने विषाणूंचे सहा वर्ग पाडले. सातवा पुढे जोडला गेला. याच बाल्टिमोरना १९७५ साली दुसऱ्या एका शोधासाठी नोबेल मिळालं.

काही विषाणूंची चिठ्ठी आधीच पेशीच्या लिपीत असते. मराठी घरात मराठी पत्र आलं, फोडलं, वाचलं. माकडताप, डेंगी, चिकनगुनिया, आणि कोरोनाही, हे सगळे या चौथ्या वर्गातले. काहींची चिठ्ठी आरशात धरल्यासारखी उलटी असते. ती आधी सुलटी करून घ्यावी लागते. हा पाचवा वर्ग. त्यात पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगाचा विषाणू येतो, आणि त्याच्याच कुळातला चांदीपुरा. हा चांदीपुरा आपल्या नागपूरजवळचा. १९६५ साली त्या गावातल्या तापाच्या रोग्यांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना तो सापडला. २०२४ साली गुजरातेत लहान मुलांमध्ये त्याची साथ आली, तेव्हा नाव पुन्हा वर्तमानपत्रात आलं. बाकीच्या वर्गांत आज शिरत नाही, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

तर चौथ्या वर्गात डेंगी आणि चिकनगुनिया दोन्ही. दोन्ही पसरवणारा डासही एकच, तो पट्टेरी एडिस. दोन्हींत ताप, अंगदुखी, अंगावर पुरळ. कुणालाही वाटेल की हे सख्खे भाऊ. आणि माकडताप? तो गोचिडीचा, जंगलातला, माकडांशी संबंध असलेला, म्हणजे कुणी तिसराच. पण चिठ्ठी उघडून पाहिली की चित्र उलटं होतं. डेंगी आणि माकडताप यांच्या चिठ्ठीची मांडणी एकसारखी. आधी लिफाफ्याच्या सामानाची यादी, मग कामाच्या सूचना. चिकनगुनियात आधी सूचना आणि मग यादी. सासूबाईंच्या पत्रात आधी खुशाली आणि मग काम, आणि वडिलांच्या पत्रात आधी काम आणि शेवटी खुशाली, तसं. घरातली पोरंसुद्धा अक्षर न बघता सांगत, पत्र कुणाचं ते. मांडणीच्या जोडीला चिठ्ठीतलं अक्षर न् अक्षर ताडून पाहतात. माकडतापाच्या चिठ्ठीत अशी सुमारे अकरा हजार अक्षरं आहेत. डेंगी, पिवळा ताप, झिका, जपानी मेंदूज्वर आणि माकडताप हे एका प्रजातीचे भाऊबंद. चिकनगुनिया दुसऱ्याच कुळातला.

हे सगळं ठरवणारी एक आंतरराष्ट्रीय समिती आहे. १९६६ साली मॉस्कोच्या परिषदेत तिची स्थापना झाली. आज ती अगदी वरच्या पायरीपासून जातीपर्यंत पंधरा पायऱ्या मानते. आपल्या माकडतापाची वंशावळ बघा. कूळ फ्लॅव्हिव्हिरिडी, त्याच्या वरचा गण अमरिलोव्हायरेलिस, आणखी वरचा संघ किट्रिनोव्हिरिकोटा. जीभ वळत नाही, पण गंमत अशी की फ्लॅव्हस हा लॅटिन, अमरिलो हा स्पॅनिश आणि किट्रिनो हा ग्रीक, तिन्हींचा अर्थ पिवळा! पिवळ्या तापाने सगळ्या खानदानाला हळद लावून ठेवली आहे. चिकनगुनियाही संघापर्यंत याच पिवळ्या वाड्यात असतो, त्याच्या खाली वाट वेगळी होते.

२०२१ पासून समितीने असा नियम केला की प्रत्येक जातीला झाडाझुडपांसारखं दोन शब्दांचं शास्त्रीय नाव हवं. त्याप्रमाणे २०२३ साली आपल्या विषाणूच्या जातीचं नाव झालं ऑर्थोफ्लॅव्हिव्हायरस क्यासनुरेन्स. सोरब तालुक्यातलं एक रान जगभरच्या पुस्तकांत कायमचं जाऊन बसलं. खरं तर २०१५ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं होतं की नव्या रोगांना गावांची आणि प्राण्यांची नावं देऊ नका, त्याने गावं आणि प्राणी बदनाम होतात. आपला रोग त्या आधीचा, आणि त्याने दोन्ही करून ठेवलंय, गावही आणि माकडही. मला स्वतःला गावाचं नाव वाईट वाटत नाही. माकडाचं वाटतं.

याच जातीत समितीने आणखी एकाला बसवलं आहे, त्याचा पत्ता वाचून मी चाट पडले. सौदी अरेबियात १९९० च्या दशकात उंट-मेंढ्यांशी काम करणाऱ्या लोकांत एक ताप सापडला, त्याला अलखुर्मा म्हणतात. त्याची चिठ्ठी क्यासनूरच्या चिठ्ठीशी नव्वद टक्क्यांच्या आसपास जुळते. म्हणजे सैबेरियातला लांबचा चुलता, आणि हा अरबस्तानातला जवळचा भाऊ. १९५७ साली प्रतिद्रव्यांवरून जेवढं दिसलं त्यापेक्षा जनुकांनी जास्त दाखवलं.

आणि विषाणू एका जागी बसला आहे असंही नाही. अनेक वर्षं शिमोग्याच्या आसपास राहिलेला हा रोग २०१२ नंतर बंडीपूरकडे, मग केरळ-तमिळनाडूच्या रानात गेला. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यात पाळी गावी तो दिसला, २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात. गोव्याला झाला तो मुख्यतः काजूच्या बागांत राबणाऱ्यांना. हंगामच तसा आहे. पावसाळा संपून पानं वाळली की गोचिडीची पिल्लं पाचोळ्यात फिरू लागतात. डिसेंबर ते मे-जून हा त्यांचा काळ. काजूचाही तोच. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरून त्या जागेभोवती पसरतात. म्हणून रानात मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नये, जवळ जाऊ नये, आरोग्य खात्याला कळवावं. गुरांना हा ताप होत नाही, पण गोचिडींचं पोट भरतं ते गुरांवरच.

आता डॉक्टरांना काजूचं रान आधी का सांगायचं, ते ध्यानात येईल. एकदम चढलेला ताप, कपाळ फुटेल असं डोकं, लाल डोळे, कंबर-पोटऱ्यांत ठणका, कधी नाक-हिरड्यांतून रक्त, प्लेटलेट कमी. हे वर्णन डेंगीचं की माकडतापाचं? नुसत्या वर्णनावरून सांगता येत नाही. एका प्रजातीचे भाऊ असल्यामुळे प्रतिद्रव्यांच्या चाचण्याही कधी कधी एकाला दुसरा समजतात. विषाणूची चिठ्ठी शोधणारी चाचणी पहिल्या काही दिवसांतच करावी लागते. ती कुठली करायची, हे डॉक्टरांना कळण्यासाठी रोगी कुठून आला हे कळावं लागतं. माकडतापात काही जणांचा ताप उतरतो, आठवडा-दोन आठवडे बरे जातात आणि मग तो मेंदूची लक्षणं घेऊन परत येतो. शंभरात तीन ते पाच जण दगावतात. हमखास औषध नाही. पाणी-सलाइन, रक्तस्रावावर नजर आणि सांभाळणं. पण वेळेत सांभाळलं तर बहुतेक सगळे वाचतात. एका माणसाकडून दुसऱ्याला तो होत नाही, म्हणून घरात रोग्याला वाळीत टाकायचं कारण नाही.

आक्कांच्या भावाला डॉक्टरांनी दाखल करून घेतलं. काजूचं ऐकल्याबरोबर त्यांनी रक्ताचा नमुना वेगळा काढून पुढे पाठवला. अहवाल यायला दिवस लागले. ते दिवस आक्कांनी कसे काढले ते मी पाहिलं आहे. माकडाच्या कोपाने झालं असेल म्हणून शनिवारी मारुतीला तेल वाहून आल्या. मी काही बोलले नाही. मारुतीला तेल वाहिल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

अहवाल आला तो चिकनगुनियाचा. माकडताप नव्हता, डेंगी नव्हती. शेजारच्या वहिनी हसून म्हणाल्या, "नाम्ब होयितु, नमदु तप्पु." आमचे हे काही बोलले नाहीत. मग आठवलं, की त्याची बोटं आणि घोटे सुजले होते, ग्लास धरवत नव्हता, हे आक्कांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सांधे धरणं ही त्या दुसऱ्या कुळाची खूण. तीन महिने त्याला सकाळी उठून मूठ मिटता येत नव्हती.

या जानेवारीत तो पुन्हा काजूला निघाला. घरात दोन पोरं शिकतात, न जाऊन चालत नाही. मी आक्कांना सांगितलं, अंगभर कपडे, पँट मोज्यात खोचलेली, पाचोळ्यावर बसायचं-निजायचं नाही, संध्याकाळी कपडे गरम पाण्यात आणि अंघोळ चोळून. आरोग्य केंद्रात डेपा नावाचं अंगाला लावायचं तेल मिळतं का तेही विचारायला सांगितलं. ग्वाल्हेरच्या आपल्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेने ते काढलेलं आहे, आणि कर्नाटकात माकडतापाच्या गावांत फुकट वाटतात. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. भांडी पालथी घालता घालता म्हणाल्या, "पण बाई, त्याला एकदा चिकनगुनिया होऊन गेलाय. आता मंगन कायिले होत नाही न्हवं?"

"होऊ शकतो आक्का," मी म्हटलं, "त्याचं कूळ वेगळं."

त्या दिवशी जाताना आक्कांनी मोज्यांचे दोन जुने जोड मागून घेतले.